कोणते इंड्यूस्ड सबग्राफ वगळले की ट्रीविड्थ आटोक्यात राहते?

प्रश्न थोडक्यात असा: ट्रीविड्थ (ग्राफ, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा, झाडापासून किती दूर आहे याचं माप) मोठी असली की ग्राफमध्ये मोठा ग्रिड, म्हणजे चौकोनी जाळी, मायनर म्हणून सापडतो, हे रॉबर्टसन आणि सेमूर यांचं प्रमेय शिकून झालं. मायनरऐवजी इंड्यूस्ड सबग्राफ (फक्त काही बिंदू काढून उरलेले ग्राफ) घेतले तर असंच काही म्हणता येतं का? विचारणाऱ्याचा स्वतःचा ग्राफवर्गही आहे. त्यात त्रिकोण नाही, चार लांबीचं चक्र नाही, आणि एक ठरावीक तीन-पायी झाड इंड्यूस्ड सबग्राफ म्हणून येत नाही. या वर्गाची ट्रीविड्थ बांधलेली, म्हणजे एका ठरावीक आकड्याच्या आत, आहे का? आणि चक्राची अट सोडून दिली तर चालेल का?

आधी उत्तर देऊन टाकतो. तुमच्या वर्गाची ट्रीविड्थ बांधलेली आहे. चक्राची अट नुसतीच सोडली तर ती हाताबाहेर जाते, पण त्या अटीच्या जागी बरीच सैल अट घालता येते. ते शेवटी सांगतो. हा हिशेब कसा मांडायचा ते समजलं, तर वगळलेल्या ग्राफांची सांत यादी असलेल्या कुठल्याही वर्गाचा निकाल तुम्ही स्वतः कागदावर लावू शकाल. यादी अनंत असली की मात्र चित्र पार बदलतं, आणि माझ्या मते हा विषय खरा रंगतो तो तिथेच.

मायनर आणि इंड्यूस्ड सबग्राफ यांत नेमकं काय बदलतं ते आधी पाहू. मायनर काढताना तीन मुभा असतात: बिंदू काढा, कड काढा, किंवा कड आकसून तिची दोन टोकं एक करा. १९८६ च्या ग्रिड प्रमेयाचं सगळं बळ या मुभांमध्ये आहे. ट्रीविड्थ पुरेशी मोठी असली की न×न ग्रिड मायनर मिळतोच. ‘पुरेशी’ म्हणजे किती, याचं पहिलं उत्तर प्रचंड मोठं होतं. चेकुरी आणि चुझोय यांनी ते बहुपदी मर्यादेत आणलं, पुढे चुझोय आणि तान यांनी ते जवळपास न च्या नवव्या घातापर्यंत उतरवलं. इंड्यूस्ड सबग्राफमध्ये मात्र फक्त बिंदू काढता येतात. जे बिंदू ठेवले त्यांच्यामधल्या सगळ्या कडा जशाच्या तशा ठेवाव्या लागतात. एखादी नको असलेली कड मध्ये आडवी आली, तर तिचं एखादं टोक काढून टाकण्यावाचून इलाज नसतो, आणि ते टोक काढलं की रचनेचा दुसराच भाग कोसळतो.

म्हणून इथे ग्रिड एकटा पुरत नाही. चार प्रकारचे अडथळे तर उघडच आहेत.

पहिला म्हणजे पूर्ण ग्राफ, ज्यात प्रत्येक दोन बिंदू जोडलेले असतात. ट बिंदूंच्या पूर्ण ग्राफाला के(ट) म्हणू. ट्री डिकॉम्पोझिशन म्हणजे ग्राफचे बिंदू झाडावर मांडलेल्या गटांत, म्हणजे बॅगांत, बसवणं: प्रत्येक कडेची दोन्ही टोकं कुठल्यातरी बॅगेत एकत्र हवीत, आणि एका बिंदूच्या सगळ्या बॅगा झाडात सलग हव्यात. सर्वांत मोठी बॅग शक्य तितकी लहान केली की तिच्यातले बिंदू वजा एक म्हणजे ट्रीविड्थ. क्लीकचे, म्हणजे सगळे एकमेकांना जोडलेले असे, बिंदू ट्री डिकॉम्पोझिशनच्या कुठल्यातरी एका बॅगेत एकत्र येतातच, म्हणून के(ट) ची ट्रीविड्थ ट−१ असते. त्यातून बिंदू काढत गेलात तर लहान पूर्ण ग्राफच मिळतात, ग्रिड कधीच मिळत नाही. दुसरा म्हणजे पूर्ण बायपार्टाइट ग्राफ के(ट,ट): ट-ट बिंदूंच्या दोन बाजू, एका बाजूचा प्रत्येक बिंदू दुसऱ्या बाजूच्या प्रत्येकाशी जोडलेला, आणि बाजूच्या आत एकही कड नाही. प्रत्येक बिंदूची डिग्री, म्हणजे शेजाऱ्यांची संख्या, निदान ट असलेल्या ग्राफाची ट्रीविड्थ निदान ट असते. कारण साधं आहे: डिकॉम्पोझिशनच्या टोकाच्या बॅगेत असा एखादा बिंदू असतोच जो दुसऱ्या कुठल्याही बॅगेत नाही, आणि त्याचे सगळे शेजारी त्याच बॅगेत बसवावे लागतात. के(ट,ट) मधूनही ग्रिड निघत नाही.

तिसरा अडथळा म्हणजे वॉल, विटांच्या भिंतीसारखी षटकोनी जाळी, आणि तिच्या सगळ्या सबडिव्हिजन. सबडिव्हिजन म्हणजे कडांवर हवे तितके जादा बिंदू ठेवून कडा लांबवणं. वॉलमध्ये कुठल्याही बिंदूची डिग्री तीनच्या वर जात नाही, तरी ट्रीविड्थ हवी तितकी मोठी करता येते. चौथा म्हणजे या सबडिव्हिजनचे लाइन ग्राफ: वॉलची प्रत्येक कड हा नवा बिंदू, आणि टोक सामाईक असलेल्या दोन कडा एकमेकींच्या शेजारी. चित्र काढून पाहिलंत तर वॉलच्या प्रत्येक तीन डिग्रीच्या बिंदूजागी एक त्रिकोण बसलेला दिसेल. हा चौथा प्रकार नवखे हमखास विसरतात. त्यांना वाटतं की वॉल वगळली म्हणजे तिचा लाइन ग्राफही आपोआप गेला. तसं होत नाही. लाइन ग्राफमध्ये क्लॉ, म्हणजे एक मध्यबिंदू आणि एकमेकांचे शेजारी नसलेले त्याचे तीन शेजारी, इंड्यूस्ड सबग्राफ म्हणून कधीच नसतो. वॉलमध्ये तो जागोजागी असतो. उलट बाजूने वॉलमध्ये त्रिकोण नसतो आणि तिच्या लाइन ग्राफमध्ये तो असतोच. दोन्ही कुटुंबं एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र आहेत.

तेव्हा इंड्यूस्ड सबग्राफ घेतल्यावर बंद राहणाऱ्या वर्गाची ट्रीविड्थ बांधलेली असेल, तर त्या वर्गाने या चारही कुटुंबांतल्या मोठ्या सभासदांना बाहेर ठेवलेलंच असणार. ही अट आवश्यक झाली. ती पुरेशी आहे का, हा मूळ प्रश्न.

वगळलेल्या ग्राफांची यादी सांत असेल तर याचं पूर्ण उत्तर लोझिन आणि राझगॉन यांनी दिलं आहे. त्यांचा निबंध २०२२ मध्ये छापून आला. त्यांचं प्रमेय असं: सांत यादीने ठरलेल्या वर्गाची ट्रीविड्थ बांधलेली असते, जर आणि तरच यादीत एक पूर्ण ग्राफ, एक पूर्ण बायपार्टाइट ग्राफ, एक ट्रायपॉड-वन आणि एका ट्रायपॉड-वनाचा लाइन ग्राफ असेल. ट्रायपॉड म्हणजे जास्तीत जास्त तीन पानं असलेलं झाड, एका बिंदूतून निघालेल्या तीन वाटा. त्यातल्या काही वाटा शून्य लांबीच्याही चालतात, म्हणजे साधी वाट हाही ट्रायपॉडच. ज्याचा प्रत्येक तुकडा ट्रायपॉड आहे ते ट्रायपॉड-वन. चारही कामं चार वेगवेगळ्या ग्राफांनी करायला हवीत असं नाही. एकच ग्राफ दोन कामं करू शकतो, आणि तुमच्या वर्गात नेमकं तेच घडतं.

ट्रायपॉडच का, हे समजून घेण्यासारखं आहे. यादीतल्या सर्वांत मोठ्या ग्राफात म बिंदू आहेत असं धरा. आता एक भलीमोठी वॉल घ्या आणि तिच्या प्रत्येक कडेवर म पेक्षा जास्त जादा बिंदू ठेवा. या लांबवलेल्या वॉलमध्ये तीन डिग्रीचे कोणतेही दोन बिंदू एकमेकांपासून म पेक्षा लांब आहेत, आणि कुठलंही चक्र म पेक्षा मोठं आहे. म्हणजे म बिंदूंच्या आत बसणारा कुठलाही इंड्यूस्ड सबग्राफ चक्रविरहित असणार, आणि त्याच्या एका तुकड्यात तीन डिग्रीचा बिंदू फार तर एक असणार. म्हणजेच तो ट्रायपॉड-वन असणार. यादीत एकही ट्रायपॉड-वन नसेल, तर या वॉलमध्ये यादीतला एकही ग्राफ सापडत नाही. मग वॉल सरळ वर्गात येऊन बसते आणि ट्रीविड्थ सुटते. लाइन ग्राफसाठी हाच युक्तिवाद शब्दशः चालतो. यादी सांत आहे ही गोष्ट इथे ‘म’ ठरवताना वापरली गेली. ते लक्षात ठेवा, पुढे सगळा फरक त्यावरच पडणार आहे.

ही झाली सोपी बाजू. उलट बाजू, म्हणजे या चार अटी पुरतात हे दाखवणं, कष्टाची आहे आणि तिचा पुरावा इथे मांडणार नाही. पण तिचा एक खास भाग इतका नेटका आहे की तो पूर्ण सांगतो. समजा यादीत के(ट), के(स,स) आणि र बिंदूंची वाट आहे. वाट स्वतः ट्रायपॉड आहे आणि एका बिंदूने मोठ्या वाटेचा लाइन ग्राफही आहे, म्हणून चारही अटी पुऱ्या झाल्या. आता ग्राफात के(न,न) हा साधा सबग्राफ म्हणून (म्हणजे जादा कडा काढायची मुभा घेऊन) असेल आणि न खूप मोठा असेल, तर दोन्ही बाजूंना रॅम्सेचं प्रमेय लावा: पुरेशा मोठ्या ग्राफात मोठी क्लीक किंवा एकमेकांचे शेजारी नसलेले बरेच बिंदू असतातच. के(ट) वर्ज्य असल्यामुळे प्रत्येक बाजूत एकमेकांचे शेजारी नसलेले स बिंदू मिळतात, आणि वर्ज्य असलेला के(स,स) इंड्यूस्ड स्वरूपात हाती येतो. म्हणजे मोठा के(न,न) साधा सबग्राफ म्हणूनही असू शकत नाही. आता गॅल्विन, रायव्हल आणि सँड्स यांचं १९८२ चं प्रमेय आणा: असा ग्राफ असताना त्यात खूप लांब वाट असेल, तर लांब इंड्यूस्ड वाटही असते. आपल्याकडे र बिंदूंची इंड्यूस्ड वाट नाही. तेव्हा कुठलीच फार लांब वाट नाही, म्हणजे एका ठरावीक ल इतके बिंदू असलेली वाट नाही. मग डीएफएस झाड, म्हणजे आधी खोलात जाणाऱ्या शोधाचं झाड, काढा. ग्राफची प्रत्येक कड या झाडात पूर्वज आणि वंशज यांनाच जोडते. प्रत्येक बिंदूसाठी, मुळापासून त्या बिंदूपर्यंतच्या वाटेवरच्या सगळ्या बिंदूंची एक बॅग करा. प्रत्येक कड कुठल्या ना कुठल्या बॅगेत आली. एखादा बिंदू ज्या ज्या बॅगांत आहे त्या त्याच्या वंशजांच्या बॅगा आहेत, म्हणून त्या झाडात सलग आहेत. आणि कुठल्याही बॅगेत ल पेक्षा कमीच बिंदू आहेत. ट्रीविड्थ बांधली गेली. हा पुरावा विद्यार्थ्यांना मी नेहमी पहिल्यांदा दाखवतो, कारण यात रॅम्से, इंड्यूस्ड वाट आणि डिकॉम्पोझिशन या तिन्ही गोष्टी आपापल्या जागी काम करताना दिसतात.

आता तुमचा वर्ग. त्रिकोण हा के(३), म्हणजे पहिली अट पुरी. तोच त्रिकोण क्लॉचा लाइन ग्राफ आहे आणि क्लॉ हा ट्रायपॉड, म्हणजे चौथी अटही त्यानेच भागवली. चार लांबीचं चक्र हा के(२,२), ही दुसरी अट. तीन-पायी झाड ही तिसरी. प्रमेय लागू, ट्रीविड्थ बांधलेली. पाय कितीही लांब घेतले तरी हरकत नाही, मर्यादा वाढेल पण राहील. चक्राची अट काढलीत तर सगळे के(न,न) आत येतील का? त्यांत त्रिकोण नाही. आणि तीन-पायी झाडाचा निदान एक पाय दोन किंवा जास्त लांबीचा असेल, तर ते झाडही त्यांत इंड्यूस्ड स्वरूपात सापडत नाही, कारण के(न,न) चे इंड्यूस्ड सबग्राफ पूर्ण बायपार्टाइटच असतात. ते सगळे आत येतात आणि ट्रीविड्थ अमर्याद होते. (तुमचं झाड म्हणजे नुसता क्लॉ असेल, तर गोष्ट वेगळी: त्रिकोण नाही आणि क्लॉ नाही म्हणजे प्रत्येक डिग्री फार तर दोन. मग ग्राफचा प्रत्येक तुकडा वाट किंवा चक्र, ट्रीविड्थ फार तर दोन, चक्राची अट असो वा नसो. क्लॉ स्वतः के(१,३) असल्यामुळे दुसऱ्या अटीचं कामही तोच करतो.)

हात बसावा म्हणून एक सराव सुचवतो. के(ट) वर्ज्य आहेच. त्याच्या जोडीला फक्त एकच ग्राफ वर्ज्य करायचा, आणि ट कोणताही असला तरी ट्रीविड्थ बांधली जायला हवी. तो ग्राफ कोणता असू शकेल? त्याने उरलेली तिन्ही कामं एकट्याने करायची आहेत. तो पूर्ण बायपार्टाइट हवा आणि ट्रायपॉड-वनही हवा, म्हणून तो एकही कड नसलेला ग्राफ किंवा फार तर तीन पानांचा तारा. शिवाय तो लाइन ग्राफ हवा, म्हणून क्लॉ बाद. उरले ते एकही कड नसलेले ग्राफ आणि तीन बिंदूंची वाट किंवा तिचे तुकडे. बस, एवढेच.

आता अनंत यादीकडे वळू. चारही कुटुंबांचे मोठे सभासद थेट वर्ज्य केले, म्हणजे के(ट), के(ट,ट), मोठ्या वॉलच्या सगळ्या सबडिव्हिजन आणि त्यांचे सगळे लाइन ग्राफ, तर ट्रीविड्थ बांधली जाते का? ग्रिड प्रमेयाचा इंड्यूस्ड अवतार असाच असावा, असं वाटणं साहजिक आहे. पण उत्तर नाही असं आहे. त्याचं एक उदाहरण इतकं सोपं आहे की ते लवकर का सापडलं नाही याचं नवल वाटतं. ते पोहोआता यांच्या २०१४ च्या आणि डेव्हिस यांच्या २०२२ च्या कामातून पुढे आलं.

न आडव्या वाटा घ्या, प्रत्येकीवर न बिंदू. एका वाटेचा दुसरीशी कुठेही संबंध नाही. आता प्रत्येक स्तंभासाठी एक नवा बिंदू घ्या, त्याला माथा म्हणू. ज-वा माथा प्रत्येक वाटेवरच्या ज-व्या बिंदूशी जोडा. झालं. एकूण बिंदू न²+न. प्रत्येक वाट आकसून एक बिंदू करा. सगळे माथे सगळ्या वाटांशी जोडलेले आहेत, म्हणून के(न,न) हा मायनर मिळतो आणि ट्रीविड्थ निदान न ठरते. न १०० घेतलात तर १०,१०० बिंदू आणि ट्रीविड्थ निदान १००.

या ग्राफात त्रिकोण नाही. दोन माथ्यांचा सामाईक शेजारी नाही आणि सर्वांत लहान चक्र सहा लांबीचं आहे, म्हणून के(२,२) सुद्धा नाही. त्रिकोण नाही म्हणून वॉलचे लाइन ग्राफही गेले. राहिली वॉल. इथे इंड्यूस्ड या अटीची ताकद दिसते. समजा आत एक इंड्यूस्ड सबग्राफ आहे आणि त्यात सर्वांत मोठी डिग्री ड आहे. ज्या स्तंभाचा माथा त्याने घेतला, त्या स्तंभातले ड पेक्षा जास्त बिंदू त्याला घेता येत नाहीत, नाहीतर माथ्याची डिग्री ड च्या वर जाईल. ज्या स्तंभाचा माथा घेतला नाही, तिथे वाटा एकमेकींना भेटतच नाहीत. म्हणजे डावीकडून उजवीकडे जाताना माथा असलेल्या प्रत्येक स्तंभापाशी सगळी रचना फार तर ड+१ बिंदूंच्या चिंचोळ्या गल्लीतून जाते, आणि मधल्या भागात नुसते वाटांचे तुकडे असतात. एका स्तंभाचे ड, पुढच्या स्तंभाचे ड आणि मधला तुकडा चालायला दोन, एवढ्या बिंदूंच्या बॅगा पुरतात. ट्रीविड्थ २ड च्या आसपास अडकली. वॉलच्या सबडिव्हिजनमध्ये ड तीन आहे. म्हणून फार मोठी वॉल इथे मावूच शकत नाही, न कितीही वाढवला तरी.

मग हे लोझिन–राझगॉन प्रमेयाच्या विरोधात जात नाही का? नाही. या ग्राफात कुठलाही माथा धरा, त्याच्यापासून तीन वेगवेगळ्या वाटांवर उतरा आणि हवं तितकं लांब चाला: लांबच लांब ट्रायपॉड इंड्यूस्ड स्वरूपात मिळतात. सांत यादीला नेमका एखादा ट्रायपॉड वर्ज्य करावा लागतो आणि त्यानेच हे ग्राफ बाहेर पडतात. अनंत यादीत ‘सगळ्या वॉल’ वर्ज्य करता येतात आणि तरी ट्रायपॉड राहू देता येतात. दोन प्रमेयांमधली फट ती हीच.

दुसरं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं आहे: सिंतियारी आणि त्रोतिन्यों यांची लेयर्ड व्हील. ती आली सम होलच्या प्रश्नातून. होल म्हणजे चार किंवा जास्त लांबीचं इंड्यूस्ड चक्र. सम लांबीचं एकही होल नसलेले ग्राफ हा एक जुना, अभ्यासलेला वर्ग. त्यात चारातले तीन अडथळे आपोआप वर्ज्य असतात. के(२,२) स्वतःच सम होल आहे. वॉलमध्ये थीटा असतो, म्हणजे दोन बिंदूंना जोडणाऱ्या तीन वेगळ्या वाटा. तीनपैकी दोन वाटांच्या लांबीची सम-विषमता सारखीच असणार, त्या दोन जोडल्या की सम होल. लाइन ग्राफमध्ये प्रिझम असतो, म्हणजे दोन त्रिकोणांना जोडणाऱ्या तीन वाटा, आणि तिथेही हाच तर्क. तेव्हा फक्त पूर्ण ग्राफ वर्ज्य करायचा उरतो. त्रिकोण वर्ज्य केला तर ट्रीविड्थ फार तर ५ असते, हे कॅमेरॉन, दा सिल्वा, हुआंग आणि वुश्कोविच यांनी दाखवलं. के(४) वर्ज्य केला तर? सिंतियारी आणि त्रोतिन्यों यांनी असे ग्राफ बांधून दाखवले की ज्यांत सम होल नाही, के(४) नाही, आणि ट्रीविड्थ हवी तितकी मोठी. के(३) वरून के(४) वर एक पायरी चढलं की ५ वरून थेट अमर्याद. मला आजही हा या विषयातला सर्वांत धक्कादायक निकाल वाटतो. त्यांच्याच दुसऱ्या बांधणीत थीटा नाही आणि लहान चक्रंही नाहीत, तरी तेच घडतं.

पण त्या बांधणीत एक खूण होती. ट्रीविड्थ एकेकाने वाढवायला बिंदूंची संख्या घातांकी वेगाने वाढवावी लागत होती. म्हणजे बिंदूंच्या संख्येशी तुलना केली तर ट्रीविड्थ लॉगइतकीच होती. पोहोआता–डेव्हिस ग्राफात तसं नाही, तिथे ती बिंदूसंख्येच्या वर्गमुळाइतकी जाते. सम होल नसलेल्या वर्गात लॉगच्या वर जाताच येत नाही का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. चुदनोव्स्की, गार्टलँड, हाजेबी, लोक्श्तानोव्ह आणि श्पिर्कल यांनी २०२४ मध्ये तो सोडवला: सम होल नसेल आणि क्लीक बांधलेली असेल, तर ट्रीविड्थ लॉगच्या एका स्थिर पटीत राहते.

अल्गोरिदम लिहिणाऱ्याला लॉग म्हणजे जवळपास स्थिरांकच. रुंदी क असलेल्या डिकॉम्पोझिशनवर सर्वांत मोठा इंडिपेंडंट सेट (एकमेकांचे शेजारी नसलेल्या बिंदूंचा गट) काढायला साधारण २ चा क वा घात गुणिले बिंदूसंख्या इतका वेळ लागतो, आणि क लॉगच्या पटीत असला की हा घात बहुपदी होतो. फक्त डिकॉम्पोझिशन शोधण्याची पायरी नीट निवडा. बोडलेंडर यांचा १९९६ चा अल्गोरिदम ठरावीक क साठी रेषीय वेळेत नेमकी ट्रीविड्थ देतो, पण त्यातला स्थिरांक क च्या घनाने घातांकी वाढतो, आणि क लॉगइतका झाला की बहुपदी वेळ राहत नाही. कोर्होनेन यांचा २०२१ चा अल्गोरिदम जास्तीत जास्त २क+१ रुंदीचं डिकॉम्पोझिशन देतो आणि त्याचा घातांक क ला रेषीय आहे. लॉगच्या वर्गांत हाच वापरावा.

चार अडथळे पुरेसे ठरतात असेही प्रदेश आहेत. आबुल्केर, आडलर, किम, सिंतियारी आणि त्रोतिन्यों यांनी दाखवलं की कुठलाही एक मायनर वर्ज्य असेल, तर मोठ्या ट्रीविड्थमधून मोठ्या वॉलची इंड्यूस्ड सबडिव्हिजन किंवा तिचा लाइन ग्राफ निघतोच. बांधलेल्या डिग्रीसाठीही तेच खरं असावं, अशी अटकळ त्यांनी मांडली, आणि कोर्होनेन यांनी ती सिद्ध केली: डिग्री ड च्या आत असेल आणि ट्रीविड्थ क च्या दहाव्या घाताच्या व २ च्या ड⁵ व्या घाताच्या बेरजेइतक्या पटीत असेल, तर क×क ग्रिड इंड्यूस्ड मायनर म्हणून (बिंदू काढून आणि कडा आकसून, पण कडा न काढता) मिळतो. वरचं उदाहरण याच्याशी ताडून पाहा. माथ्यांची डिग्री न होती, आणि सगळी करामत त्या माथ्यांचीच होती.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर. चक्राची अट पूर्ण काढू नका, सैल करा. के(२,२) च्या जागी के(१०,१०) किंवा के(१००,१००) वर्ज्य केलात तरी प्रमेय जसंच्या तसं लागू होतं. तुमच्या वर्गात चार लांबीची चक्रं येतात पण पूर्ण बायपार्टाइट तुकडे एका मापाच्या वर जात नाहीत असं दाखवता आलं, तर काम झालं. त्रिकोणाची अट सैल करायची असेल तर जास्त जपा. त्रिकोण दोन कामं करतो. त्याच्या जागी के(४) आणलात तर चौथी जागा रिकामी पडते, आणि लांब पायांच्या एखाद्या ट्रायपॉडचा लाइन ग्राफ, म्हणजे तीन शेपट्या असलेला त्रिकोण, वेगळा वर्ज्य करावा लागतो. आणि प्रमेयातून निघणारी मर्यादा प्रोग्रॅममध्ये घालायला जाऊ नका. अशा पुराव्यांत रॅम्सेचे आकडे येतात, ते कुठल्याही खऱ्या ग्राफाच्या कामाचे नसतात. मर्यादा आहे एवढं प्रमेयाकडून घ्या, आणि प्रत्यक्ष रुंदी किती ते तुमच्या ग्राफांवर डिकॉम्पोझिशन चालवून मोजा.